पाव फेरा मागें

इंग्रजी भाषेंतील कांहीं शब्द बहुरूप्यासारखे असतात. 'टॅप' हा त्यांतलाच एक. हा शब्द कानावर पडला कीं आमच्या घरच्या मंडळींना नळ आठवतो, आणि मुंबईच्या माणसाला नळ आठवला कीं पाठोपाठ पाण्याची वेळ आठवते. इंग्रजी शिकवून उदरनिर्वाह करणाऱ्या माझ्यासारख्याला दारावर कोणीं तरी हलकेंच मारलेली टिचकी आठवते. माझ्या विद्यार्थ्यांना विचाराल, तर ते मोबाईलच्या कांचेवर बोट टेंकवून दाखवितील. परंतु परळ-लालबागच्या एखाद्या वृद्ध कामगाराला हाच शब्द विचारून पाहा. त्याच्या लेखीं टॅप म्हणजे लोखंडाच्या भोकांत आंतून आटे पाडण्याचें हत्यार. बोटाएवढें, कठीण पोलादाचें, अंगावर मळसूत्र कोरलेलें आणि त्या मळसूत्राला उभे छेद देणाऱ्या तीन-चार खाचा असलेलें. या हत्याराचा मुख्य धर्म कोणता, असा दुसरा प्रश्न केलात, तर तो क्षणभरही न थांबतां सांगेल, "मोडणें!"

या उत्तरांत विनोद थोडा आणि अनुभव फार आहे. आटे पाडण्याची पाळी बहुधा कामाच्या अखेरीस येते. आधीं पोलादाचा तुकडा कापावयाचा, तो कानशीनें किंवा यंत्रावर सपाट करावयाचा, त्यावर खुणा करावयाच्या, भोकें पाडावयाचीं. आणि हें सारें यथास्थित पार पडल्यावर मग टॅप हातीं घ्यावयाचा. तो मोडला म्हणजे मागील चार दिवसांचें काम बरोबर घेऊन मोडतो. मोडलेला तुकडा भोकांत घट्ट रुतून बसतो, आणि सभोंवतालच्या लोखंडाहून तो कठीण असल्यामुळें त्याला ड्रिल लागत नाहीं. घड्याळजी लोक पितळेच्या पट्टींत मोडलेला बारीक स्क्रू तुरटीच्या ऊन पाण्यांत ठेवून विरघळवितात. तुरटी पोलाद खाते आणि पितळेला सोडून देते. परंतु पोलादांतच पोलाद अडकलें, तर बिचाऱ्या तुरटीनें आप-पर भाव कसा ओळखावा?

आपल्या पांढरपेशा घरांतून मळसूत्राचा विचार सहसा होत नाहीं. डोक्यावर पंखा फिरत असतो, गृहिणीचें शिवणयंत्र चालत असतें, लोकल गाडी आपणांस घेऊन धांवत असते. हें सारें कांहीं बोल्टांनीं आणि स्क्रूंनीं एकत्र धरून ठेवलें आहे, याची आठवण एखादा स्क्रू ढिला होईपर्यंत कोणाला होत नाहीं. त्यांतही बोल्ट निदान डोळ्यांना दिसतो. त्याला धरून ठेवणारे आंतले आटे मात्र कायमचे अंधारांत राहतात, आणि ते पाडणारा माणूसही त्यांच्याबरोबर अंधारांतच राहतो.

मळसूत्राला सर्वत्र एकच माप असावें ही कल्पना तशी अलीकडची आहे. इंग्लंडांत जोसेफ व्हिटवर्थ यानें १८४१ मध्यें तिचा पुरस्कार केला. तोंपर्यंत प्रत्येक कारखान्याचें मळसूत्र वेगळें असे. एकाचा बोल्ट दुसऱ्याच्या चाकींत जात नसे. व्हिटवर्थनें आट्याचा कोन ५५ अंशांचा ठरविला आणि कोणत्या जाडीच्या बोल्टाला इंचामागें किती आटे, हें बांधून दिलें. पुढें १८६४ मध्यें अमेरिकेंत विल्यम सेलर्स यानें ६० अंशांचा कोन सुचविला. आजच्या मेट्रिक मळसूत्राचा कोनही ६० अंशांचाच आहे.

या घडामोडी चालू असतांनाच इकडे मुंबईंत कावसजी दावर यांची पहिली कापडगिरणी १८५४ मध्यें स्थापन झाली, आणि मग हळूहळू परळ, लालबाग, भायखळा हा सारा मुलूख गिरण्यांच्या चिमण्यांनीं भरून गेला. यंत्रें बहुतेक विलायती. तीं येतांना विलायती आटे घेऊनच आलीं. परंतु एखादा भाग मोडला, तर नवा भाग बोटीनें येईपर्यंत माग थांबवून ठेवणें कोणाला परवडणार? म्हणून गिरणीगिरणींतून मेकॅनिक खातें निघालें. १८७९ मध्यें जी. आय. पी. रेल्वेचा परळचा कारखाना उभा राहिला. १८८७ मध्यें व्हिक्टोरिया जुबिली टेक्निकल इन्स्टिट्यूट निघाली. लक्ष्मणराव किर्लोस्कर तेथेंच कांहीं वर्षें शिकवीत होते. १८९७ मध्यें अर्देशीर गोदरेज यांनीं लालबागेंत कुलुपें करावयास प्रारंभ केला. अशा रीतीनें आटे पाडणारीं मनगटें या भागांत पिढ्यान्‌पिढ्या तयार होत गेलीं. त्या मनगटांच्या धन्यांनीं विलायती मापाला देशी नांव दिलें. इंचाचे आठ भाग, आणि प्रत्येक भाग एक सूत. चार सूत म्हणजे अर्धा इंच. गिरणींत कापसाचें सूत निघे आणि शेजारच्या खात्यांत सुतानें लोखंड मोजलें जाई!

या विद्येशीं माझा परिचय झाला तो आमच्या लालबागच्या चाळींतील एका शेजाऱ्यांमुळें. ते गिरणींत फिटर होते. मी त्यांना लहानपणापासून काका म्हणतों. ते मला, मी कॉलेजांत शिकवूं लागल्यापासून, मास्तर म्हणतात. प्राध्यापक ही पदवी चाळींत कोणी फारशी मनावर घेत नाहीं. आज काका ऐंशीच्या घरांत आहेत. त्यांच्या खोलींत पलंगाखालीं एक लांकडी पेटी आहे, आणि तींत तेल लावलेल्या फडक्यांत गुंडाळलेले टॅप मापाप्रमाणें ओळीनें निजलेले असतात. प्रत्येक मापाचे तीन: पहिला, दुसरा आणि तिसरा. पहिल्याचें टोंक निमुळतें असतें, म्हणजे तो भोकांत अलगद शिरतो आणि आट्यांची नुसती वाट पाडतो. दुसरा ती वाट रुंद करतो. तिसरा तळापर्यंत जाऊन काम पुरें करतो. एकट्यावर सारा भार पडूं नये म्हणून ही तीन भावांची वांटणी. जो उतावळा एकदम तिसऱ्याला हात घालतो, त्याचें भविष्य काका पेटी न उघडतां सांगतात.

गेल्या वर्षीं या पेटीशीं आमच्या घरचा संबंध आला. माझा पुतण्या दादरला राहतो आणि एका तंत्रनिकेतनांत यंत्रविद्येच्या दुसऱ्या वर्षाला आहे. त्याला परीक्षेसाठीं एका जाड पोलादी पट्टीवर सोळा भोकें पाडून त्यांना आटे पाडावयाचे होते. सरावांतच त्याचे तीन टॅप मोडले. पहिला मोडला तेव्हां त्यानें नशिबाला दोष दिला. दुसरा मोडला तेव्हां टॅपला दिला. तिसरा मोडल्यावर मात्र त्यानें घरीं येऊन जाहीर केलें कीं, आपल्या हातांतच हा गुण नाहीं. आपण शिक्षण सोडून वाणिज्य शाखेकडे जाणार. घरांत कोणाला याचें विशेष वाईट वाटलें नाहीं. हात काळे करण्यापेक्षां तें बरें, असेंच एकंदर मत पडलें. मला मात्र ती गोष्ट लागून राहिली. वाणिज्य शाखेशीं माझें वैर नाहीं. परंतु एकोणीस वर्षांच्या मुलानें पोलादाच्या तीन तुकड्यांच्या साक्षीवर स्वतःच्या हातांना जन्माची शिक्षा ठोठवावी, हें मला पाहवेना. एका रविवारीं मी त्याला लालबागेंत घेऊन गेलों.

काकांनीं त्याच्या हाताकडे पाहिलेंसुद्धां नाहीं. त्यांचा पहिला प्रश्न होता, "भोक कितीचं पाडलंस?"

"टॅप दहा मिलिमीटरचा, भोक आठ मिलिमीटरचं. आटे चांगले खोल पडावे म्हणून."

"मग टॅप भोकांत घालायच्या आधींच तूं तो अर्धा मोडलास, बाळा."

पुढील अर्ध्या तासांत मला जें कळलें तें असें. दहा मिलिमीटरच्या नेहमींच्या टॅपच्या एका आट्यापासून दुसऱ्या आट्यापर्यंतचें अंतर दीड मिलिमीटर असतें. जाडींतून तेवढें वजा करावें. साडेआठ उरतात, आणि तेवढेंच भोक पाडावें. काकांच्या तोंडीं याच हिशेबाचें जुनें रूप होतें: 'तीन सुताला अडीच सूत.' तीन सुताचा व्हिटवर्थ टॅप असेल तर भोक अडीच सुताचें. अशा भोकांत आट्याची पूर्ण खोली मिळत नाहीं, सुमारें पाऊण मिळते. आणि पाऊण पुरेशी असते. चाकींतील आटे निम्म्या खोलीचे असले, तरी बहुधा आटे उतरण्याच्या आधीं बोल्टच तुटतो. उरलेल्या पाव खोलीसाठीं हट्ट धरला, तर मजबुती नांवाला वाढते आणि टॅपवरचा पीळ मात्र कितीतरी पटींनीं वाढतो. 'अति तेथें माती' ही म्हण आपल्या पूर्वजांनीं पोलाद पाहून केली नसावी, परंतु पोलादाला ती चपखल लागू पडते.

दुसरा प्रश्न हँडलाचा निघाला. पुतण्यानें मोठें, लांब दांड्यांचें हँडल वापरलें होतें, कारण त्यानें जोर कमी लागतो. काकांच्या पेटींत हँडलें तीन आहेत, आणि लहान टॅपला मोठें हँडल लावूं देण्यास ते तयार नसतात. यांतलें शास्त्र मला पुढें आमच्या कॉलेजांतील पदार्थविज्ञानाच्या एका मित्रानें समजावून सांगितलें. गोल सळईची जाडी निम्मी केली, कीं तिची पिळाला तोंड देण्याची शक्ति निम्मी राहत नाहीं. ती आठवा हिस्सा राहते. त्यांतून टॅपच्या अंगांतील बराच भाग खाचांनीं खाल्लेला, आणि तें पोलाद पाणी देऊन इतकें कठीण केलेलें, कीं तें वांकणें जाणत नाहीं; तें सरळ तुटतें. लांब हँडल घेणाऱ्याला जोर कमी लागतो हें खरें, पण आपण किती जोर लावीत आहों हें समजण्याचें साधनही त्याच्या हातून निसटतें.

मग काकांनीं शेगड्यांत एक तुकडा आवळला, भोकाच्या तोंडाची कड जराशी उतरवून घेतली आणि पहिला टॅप लावला. दोन फेरे झाल्यावर त्यांनीं गुण्या काढला. टॅप उभा आहे कीं नाहीं हें समोरून पाहिलें, मग बाजूनें पाहिलें. "वांकडा शिरला असेल, तर आतांच बाहेर काढ आणि पुन्हा लाव," ते म्हणाले. "पांच फेरे आंत गेल्यावर त्याला सरळ करूं गेलास, तर तो ऐकायचा नाहीं." बिडाला तेल लागत नाहीं, त्याचा कीस भुग्यासारखा पडतो, पोलादाचा कीस मात्र लांब, चिवट आणि वेटोळ्यांचा असतो, म्हणून पोलादाला तेलावांचून हात लावावयाचा नाहीं. भोक आरपार नसेल, तर तें आट्यांना हवें त्याहून खोल पाडावें. कारण तळाशीं कीस साठतो, आणि टॅप तळाला टेंकल्यावरही फिरविणारा फिरवीतच राहतो.

यानंतर मुख्य मंत्र आला. अर्धा फेरा पुढें, पाव फेरा मागें. मागें फिरवितांना कापलेला कीस तुटून खाचेंत पडतो, तेल धारेपर्यंत उतरतें, आणि पुढचा अर्धा फेरा मोकळा मिळतो. पुतण्याला हा नियम पुस्तकांतून ठाऊक होता. सगळ्यांनाच ठाऊक असतो. परंतु हाताला पुढें जाण्याची चटक लागली, कीं मागें येणें त्याला कमीपणाचें वाटूं लागतें; एक फेरा, दोन फेरे, आणखी एकच, असें करतां करतां कीस खाचेंत ठासून भरतो, आणि मग पुढें जाववत नाहीं व मागेंही येववत नाहीं.

काकांनीं मुलाला डोळे मिटावयास सांगितलें आणि त्याचे दोन्ही हात हँडलावर ठेवून स्वतःचे हात त्यांवर ठेवले. त्या खोलींत बराच वेळ कोणी बोललें नाहीं. मग काका हळूहळू सांगूं लागले. टॅप कापतो तेव्हां हाताला एकसारखी, कोरडी अशी कुरकुर लागते. ती असेपर्यंत भिण्याचें कारण नाहीं. कीस भरूं लागला कीं ती कुरकुर जड होते आणि बारीक किरकिर ऐकूं येते. तेव्हां मागें यावें. आणि तिसरी एक खूण आहे. हँडल किंचित् फिरतें, पण टॅप फिरत नाहीं. हात सैल सोडला कीं हँडल आपण होऊन केसभर मागें येतें. "ही स्प्रिंग," काका म्हणाले. "म्हणजे टॅप आतां कापत नाहीं, पिळतो आहे. इथून पुढं एक बोटभर जोर लावलास, कीं संपलं. याच्या आंत जो थांबला, त्याचा टॅप मोडत नाहीं."

पुतण्यानें डोळे मिटूनच विचारलें, "आजोबा, ही स्प्रिंग लागते तेव्हां वेळ किती असतो?"

"श्वास घेण्याएवढा," काका म्हणाले. "पण पुरतो."

त्यानंतर मीं या टॅपविषयीं बरेंच वाचलें. आजचे चांगले टॅप ज्या हायस्पीड पोलादाचे असतात, त्याचा शोध १९०० च्या सुमारास अमेरिकेंत फ्रेडरिक टेलर आणि मॉन्सेल व्हाइट यांनीं बेथलेहेम येथील पोलादाच्या कारखान्यांत लावला. लालबुंद होण्याच्या बेतास आलें तरी त्याची धार टिकते. मौज अशी, कीं हाच टेलर कामगाराच्या प्रत्येक हालचालीमागें घड्याळ लावून उभा राहिला, आणि १९११ मध्यें त्यानें शास्त्रीय व्यवस्थापनावर प्रसिद्ध ग्रंथ लिहिला. धार टिकविणारें पोलाद त्यानें दिलें, आणि पाव फेरा मागें येण्याची सवड काढून घेणारें घड्याळही त्यानेंच दिलें. काकांना मीं ही हकीकत सांगितली तेव्हां ते हंसले. "आमच्या खात्यांत साहेब डोक्यावर उभा राहिला, म्हणजे टॅप जास्त मोडायचे," एवढेंच ते म्हणाले.

कोणी म्हणेल, आतां यंत्रें आलीं आहेत; मनगटाचें एवढें कौतुक कशाला? आक्षेप खोटा नाहीं. आजच्या संगणकी यंत्रांत टॅपचें फिरणें आणि पुढें सरकणें एकमेकांशीं तंतोतंत जुळविलेलें असतें. कीस पुढें ढकलणारे टॅप आहेत, वर ओढून काढणारे आहेत. त्यांना पाव फेरा मागें येण्याची गरजही लागत नाहीं. मोडलेला टॅप काढण्यासाठीं विजेच्या ठिणग्यांनीं पोलाद कोरण्याची युक्ति आहे. तिचा पाया सोव्हिएत रशियांत लाझारेन्को पतिपत्नींनीं १९४३ मध्यें घातला. हजार सारख्या वस्तु करावयाच्या असतील, तर माणसानें यंत्राशीं स्पर्धा करूं नये. परंतु जागच्या जागीं बसलेल्या यंत्राचा एक आटा खराब झाला, तें यंत्र उचलून नेतां येत नाहीं आणि दुसरें भोक पाडावयास जागा नाहीं, अशा वेळीं अजूनही कोणाला तरी गुडघे टेंकून हातानेंच टॅप फिरवावा लागतो. आणि त्या वेळीं त्या माणसाच्या मनगटांत ती स्प्रिंग ओळखण्याची जाण असावी लागते.

ही जाण आज कोणाकडे आहे? १८ जानेवारी १९८२ रोजीं मुंबईच्या गिरण्यांचा संप सुरू झाला. डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखालीं सुमारें अडीच लाख कामगार त्यांत उतरले. तो संप रीतसर मागें घेतल्याचें कधीं जाहीर झालेंच नाहीं. मी त्या वेळीं शाळेंत होतों. चाळींतील पुरुष दुपारीं घरीं दिसूं लागले, एवढेंच प्रथम माझ्या ध्यानांत आलें. पुढें एकामागून एक गिरण्या बंद पडल्या, यंत्रें भंगारांत गेलीं, आणि त्या जागांवर कांचेचे मनोरे उभे राहिले. माग, लेथ, शेगडे यांचें वजन करून पैसे देतां आले. मनगटांत जें होतें त्याचें वजन करण्याचा कांटा भंगारवाल्याकडे नव्हता. काका पुन्हा गिरणींत गेले नाहींत; त्यांनीं दुसऱ्यांच्या गाळ्यांतून पडेल तें काम करून मुलें वाढविलीं. त्यांच्या मुलांपैकीं कोणीही हें हत्यार हातीं धरलें नाहीं. खात्यांत नव्या पोरानें जुन्या फिटरच्या शेजारीं उभें राहून शिकावें अशी रीत होती. खातेंच उरलें नाहीं, तेव्हां शेजारीं तरी कोणाच्या उभें राहावयाचें?

पुतण्या त्यानंतर दोन महिने दर रविवारीं लालबागेंत जात होता. त्याची पट्टी पुरी झाली. सोळाही भोकांत बोल्ट हातानें फिरून बसले. वाणिज्य शाखेचें नांव त्यानें पुन्हा काढलेलें नाहीं. आतां तो जेवतांना मध्येंच आपलें मनगट डावीकडे किंचित् फिरवितो, आणि त्याच्या आजीला वाटतें कीं पोराचा हात दुखावला आहे.

हें सारें लिहिण्याची परवानगी मागावयास मी गेलों, तेव्हां काका म्हणाले, "लिहा, मास्तर. भोकाचं माप लिहा, तेल लिहा, गुण्या लिहा. पण वाचून येत नाहीं, हेंही शेवटीं लिहा." त्यांच्या आज्ञेप्रमाणें तें लिहीत आहें. वाचकहो, आपल्या घरीं एखादा मुलगा किंवा मुलगी यंत्रविद्या शिकत असेल, तर टॅपचा तीन भावांचा संच नागदेवी स्ट्रीटवर आजही विकत मिळतो. तो घेऊन परत येतांना परळ-लालबागच्या एखाद्या जुन्या चाळींत डोकावा, आणि येथें कोणी मेकॅनिक खात्यांतले फिटर राहतात काय, म्हणून चौकशी करा. कोणी ना कोणी खोली दाखवील. मात्र हें काम पुढच्या वर्षावर टाकूं नका.